पाळणा आणू नको

सोनईत आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांचं बोलणं "घाबरवत न्हाई, पर" असं सुरू होतं आणि पुढे कुणीतरी मरतंच. कितीतरी वर्षं उपचार घेतल्यावर मला दिवस गेले, तेव्हापासून त्या रोज आमच्या पायरीवर ठाण मांडायच्या.

"घाबरवत न्हाई, पर इंजेक्शनचं पोर लई नाजूक. आदीच पाळना आनू नको."

पोटात जरा हालचाल जाणवली नाही, की मला त्यांचाच आवाज ऐकू यायचा. मी पाळणा आणला नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा नागापूरला कामावर होता, म्हणून दवाखान्यात बाईच सोबत आल्या. माझी पहिली किंकाळी ऐकताच त्या दारात कोसळल्या. नर्स मला सोडून त्यांच्याकडे धावली. मी इतकी संतापले, की भ्यायचं राहूनच गेलं. त्या संतापातच मुलगी झाली.

संध्याकाळी बाई शेजारच्या खाटेवर बसून, आईनं माझ्यासाठी आणलेले डिंकाचे लाडू खात होत्या. भरल्या तोंडानं म्हणाल्या, "पोर झाली तरी घरात पाळना न्हाई? कशी गं आई तू!"