सुनंदाच्या स्टेशनचं छप्पर

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधी हातातला कप खाली ठेवा, सांडेल!

त्या मंगळवारी गिरगावातल्या खोलीत मी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो. फोन वाजला. घोडपदेवहून ताई, सुनंदाची थोरली बहीण.

"भाऊजी, संध्याकाळी येते. परवा तिचं वर्षश्राद्ध. ते स्टेशन झालं ना पुरं?"

दूध उतू गेलं.

माझ्या बायकोला, सुनंदाला, प्लास्टिकच्या चिमुकल्या इमारती जोडायचा नाद. शेवटचं हे रेल्वे स्टेशन. फक्त छप्पर राहिलं होतं. "ते मी लावीन," असं मीच सगळ्यांना सांगून बसलेलो!

आधी सुताराचा पांढरा डिंक लावला. छप्पर घसरगुंडी खेळत फलाटावर आलं. मग कोपऱ्यावरचं दुकान गाठलं.

"प्लास्टिक कसलं आहे, काका?"

"रेल्वेचं."

दुकानदाराने मला नीट न्याहाळलं आणि झटपट चिकटवणारी ट्यूब दिली. "एकच थेंब हां!"

एक थेंब? छपराला? वारा सुटला तर? मी अर्धी ट्यूब रिकामी केली.

छप्पर चिकटलं. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना! स्टेशन उघडं ते उघडंच. वर त्या वासाने डोळ्यांतून धारा.

दार उघडंच होतं. ताई उंबऱ्यावर थबकली. वर्षभर मी कुणासमोर रडलो नव्हतो. "दगड आहे मेला," हे तिचंच मत.

"भाऊजी..."

"ताई, हा डिंक आहे."

"असू दे हो. रडा."

"अहो, डिंकाने पाणी येतंय!"

"पुरुषांना कायम कारण लागतं!" आणि गॅलरीकडे वळून, "काकू, या हो! भाऊजी रडले!"

अख्खा मजला आला. कुणी पाणी पाजलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. छप्पर छातीशी धरून मी मधोमध.

शेवटी शेजारच्या काकूंनी ते ओढून पाहिलं. "अगं बाई, खरंच चिकटलंय की!"

मग कोमट साबणाचं पाणी, परात, आणि परातीत मी व छप्पर.

काकू म्हणाल्या, "सुनंदा तर पाण्यासारखं काहीतरी लावायची. छोटी बाटली, झाकणालाच ब्रश."

"तशी बाटली नव्हती," मी म्हणालो. "एक नेलपॉलिश होतं, ते ताईंना दिलं."

ताई स्वतःच्या नखांकडे बघत राहिली.

"तरीच! दर सणाला लावते, आणि रंग म्हणून येत नाही!"

दुसऱ्या दिवशी तिने बाटली आणून दिली. श्राद्धही झालं. छपरावर माझ्या बोटांचे ठसे उमटलेत.

ते मी अजून बसवलेलं नाही.