काकींनी मारलेला चाफा

झाडावर पान नाही म्हणजे झाड मेलं, यावर डहाणूच्या आमच्या घरमालकीण काकींचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावरही नसावा. त्यात त्यांचा दोष नव्हता. जन्म चिकूवाडीत, सासर चिकूवाडीत, आणि चिकू बारा महिने हिरवागार. माणसांनाही त्या चिकूसारखंच वागवत. कोणी जरा मलूल दिसलं की ताक पाजायचं, तरतरी नाही आली तर आणखी ताक. भर पावसात छत्री धरून तुळशीला पाणी घालताना मी त्यांना पाहिलंय. विचारलं तर म्हणाल्या, “पाऊस वाडीसाठी आहे, बाई. हिला कोण घालणार?”

२०१४ साली डहाणूजवळच्या तलासरीच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांची भाडेकरू झाले. साताऱ्याहून येताना आईने आमच्या अंगणातल्या बुटक्या चाफ्याची फांदी दिली होती. ती खिडकीखाली लावली. पावसाळ्यात भरभरून पानं आली, चार फुलंही आली. थंडीच्या सुरुवातीला आई आजारी पडली, म्हणून झाड काकींवर सोपवून मी साताऱ्याला गेले. काकी रोज फोनवर आधी आईची चौकशी करत आणि मग न विचारताच सांगत, “चाफा एकदम सारू आहे, मजेत आहे.” आई गेल्याचं कळवलं, तेव्हा रडता रडताही त्यांनी हेच सांगितलं.

परतले तर खिडकीखाली तगर उभी. मी म्हटलं, “काकी, ही तगर आहे.”

“चाफाच तो. आमचं पाणी लागलं ना, रूप पालटलं.”

मी तगरीचं एक पान खुडून त्यांच्यापुढे धरलं. ते त्यांना सोसेना. हाताला धरून मला मागच्या विहिरीपाशी घेऊन गेल्या. तिथे हलवलेला चाफा होता, नुसत्या काड्या. वर सावलीला जुनी साडी ताणलेली, बुडाशी शेणखताचा ढीग, फांद्यांवर चिकूला मारायच्या औषधाचे डाग. “तुमच्या आईचं झाड माझ्या हातून मेलं,” काकी खाली बघत म्हणाल्या. “आई गेलेल्या पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगू? नर्सरीत सगळ्यात हिरवं होतं ते आणून लावलं.”

मी फांदीला नख लावलं. पांढराशुभ्र चीक आला. चाफा थंडीत पानं टाकतोच, हे परोपरीने सांगितलं, पण मी नुसती त्यांची समजूत घालतेय असंच काकींना वाटलं. तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि हसता हसता मी त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चाफा फुलला, तेव्हा काकींनी झरी गावच्या नणंदेला खास बोलावून तो दाखवला. मी तो परत मागितला नाही. २०१९ मध्ये बदली झाली, तेव्हाही त्यांच्यापाशीच ठेवला.

आता थंडी पडली की काकींचा फोन येतो. “पानं टाकली हो त्याने,” अजून पुरती खात्री नसल्यासारखं हळूच सांगतात. मग मी जेवले का, खोकला गेला का, अंगावर पांघरूण पुरेसं आहे का, हे विचारत राहतात. आई गेल्यावर हे विचारणारं मला दुसरं कोणी उरलेलं नाही.