साबीरची कुजबूज

बल्लीचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात स्वतःचा वार्षिक अप्रेजल फॉर्म भरत होते. 'आपली तीन बलस्थाने' असा रकाना होता आणि त्यातली दोन भरून झाली होती. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. बल्ली म्हणाला, "अनघा, साबीर नहीं रहा." मी विचारलं, "कहाँ नहीं रहा?" खरंच असं विचारलं. म्हणजे ऑफिसात नाही का, घरी नाही का... मग बल्लीने सगळं सांगितलं. साबीर रोजच्यासारखा डबा घेऊन आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर उभा होता. छातीला हात लावून खाली बसला. लोकांनी ऑटोत घालून हॉस्पिटलात नेलं, पण पोचायच्या आत सगळं संपलं होतं. मी "ठीक है" म्हटलं, फोन ठेवला, तिसरं बलस्थान लिहिलं, फॉर्म सबमिट केला आणि मग कॅब बोलावली. तिसरं काय लिहिलं ते आता आठवत नाही. त्या दिवसापासून हे असंच चाललं आहे. जेवते, झोपते, मेलना उत्तरं देते. रडू मात्र आलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्याचा चाळिसावा दिवस झाला. या पुरवणीसाठी लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा वाटलं, लिहिताना तरी येईल.

साबीर मुजावर हा 'नो ऑब्जेक्शन' या दिल्लीतल्या पंक बँडचा गायक आणि गिटारवादक. बल्ली, म्हणजे बलजीत, ड्रम वाजवतो आणि मी बेस गिटार. आम्हा तिघांचं बत्तीस वर्षं हे चाललं. पंक म्हणजे काय हे माझ्या आईला मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. थोडक्यात सांगायचं तर तीन सूर, भरपूर वेग, कानठळ्या बसतील इतका आवाज, आणि ज्याचा राग येतो त्याच्या नावाने ओरडायचं. आम्हाला राग कशाचा होता? साबीर आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलं. साबीरचे वडील सांगलीकडचे, इथे सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायचे. माझे बाबा एका मंत्रालयात अकाउंट्समध्ये. आमचे ब्लॉक समोरासमोर. लहानपणापासून आम्ही एकच भाषा ऐकत आलो होतो... फाइल वर गेली आहे, साहेबांची सही राहिली आहे, ना हरकत प्रमाणपत्र आणा. बँडचं नाव तिथूनच आलं.

मी बँडमध्ये आले ती अशी. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. साबीर जिन्यात भेटला आणि म्हणाला, "तू हार्मोनियम शिकलीस ना? मग बेस वाजवशील." मी म्हटलं, "बेस म्हणजे काय?" "गिटारच. पण चारच तारा असतात, सोपं आहे." तो स्वतः जेमतेम दोन महिने गिटार शिकला होता. कुणा अधिकाऱ्याच्या परदेशातून परतलेल्या मुलाने टाकून दिलेल्या दोन कॅसेट, एवढंच त्याचं शिक्षण. पहिला कार्यक्रम आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात झाला. महिलांची एकांकिका आणि भावगीतं यांच्यामध्ये आम्हाला वीस मिनिटं दिली होती आणि निवेदकाने 'आधुनिक वाद्यवृंद' अशी ओळख करून दिली. साबीरने 'कल आइए' सुरू केलं. त्याचं पहिलं गाणं. दीड मिनिटाच्या त्या गाण्यात हे दोनच शब्द होते, आणि तो ते सरकारी खिडकीमागच्या माणसाच्या चेहऱ्याने, नरड्याच्या शिरा ताणून, चाळीसेक वेळा ओरडायचा. तिसऱ्या गाण्याला मंडळाच्या सेक्रेटरींनी वायर काढली. पहिल्या रांगेत बसलेले मुजावरकाका उठले, सेक्रेटरींच्या हातातून वायर घेतली, परत लावली आणि जागेवर जाऊन बसले. त्यांना गाणं अजिबात आवडलं नव्हतं. नंतर म्हणाले, "वीस मिनिटं ठरली होती. ठरलेलं मोडायचं नसतं."

सरावाला जागा नव्हती. क्वार्टरमध्ये ड्रम ठेवणं शक्यच नव्हतं. तेव्हा बल्ली आला. तो साबीरचा कॉलेजातला मित्र, राहायला मुनिरकात, आणि त्याच्या वडिलांचं पानिपतला ब्लँकेटचं गोदाम. दर रविवारी सकाळी आम्ही बसने पानिपतला जायचो. मुजावरकाका पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "मराठी माणसानं पानिपतावर जाऊन काय दिवे लावले ते ठाऊक आहे ना?" साबीर म्हणाला, "आम्ही संध्याकाळपर्यंत परत येतो, अब्बा." त्या गोदामात छपरापर्यंत ब्लँकेटच्या गाठी रचलेल्या असायच्या आणि त्या सगळा आवाज पिऊन टाकायच्या. कितीही जोरात वाजवा, बाहेर जेमतेम कुणी कुदळ मारत असल्यासारखं ऐकू यायचं. आमची पहिली कॅसेट तिथेच टेपरेकॉर्डर लावून झाली. ऐकताना मधे मधे बल्लीचे वडील कुणाला तरी गाठी मोजायला सांगताना ऐकू येतात. आम्ही ते तसंच ठेवलं.

मग वर्षं गेली. त्यांचं काय सांगायचं... मुजावरकाका नोकरीत असतानाच गेले आणि साबीर एका मंत्रालयात क्लार्क म्हणून लागला. जो माणूस स्टेजवर 'कल आइए' ओरडायचा, तोच सोमवारी सकाळी खिडकीमागे बसायचा. आम्ही त्याला फार चिडवलं. तो फक्त हसायचा. तो गेल्यावर घरी भेटायला आलेल्या एका वयस्कर बाई सांगत होत्या, पतीच्या पेन्शनसाठी त्या सात ऑफिसं फिरल्या, आणि "मुजावर साब ने एक बार भी नहीं कहा कि कल आइए." हे गाणं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्या सेक्शनमधल्या कुणालाच तो गातो हे माहीत नव्हतं. मी चहाचे कप उचलले.

आमचं संगीतही बदलत गेलं. तिशी ओलांडल्यावर आम्हाला थोडंफार वाजवता यायला लागलं आणि हीच पंचाईत झाली. गाणी दीड मिनिटांवरून चार मिनिटांवर गेली. ओरडण्याच्या मधे सूर यायला लागले. आम्हाला ऐकायला येणारी जुनी मुलं नाराज झाली, म्हणाली, तुम लोग सॉफ्ट हो गए. साबीरने मराठीतही एक गाणं केलं, वडिलांवर. त्यात छापखान्यातल्या चुकांची नुसती यादी होती... ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, गळलेला काना. दिल्लीतल्या पोरांना त्यातला एक शब्द कळायचा नाही, पण काना गळला की सगळी उड्या मारायची.

आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाच्या जागी हवा उरली. नुसती कुजबूज. चार महिन्यांनी त्याने आम्हाला गोदामात बोलावलं. मला वाटलं, बँड बंद केल्याचं सांगेल. त्याने गिटार लावली, अँप्लिफायरचा आवाज पार खाली आणला आणि माइक ओठांना चिकटवून कुजबुजायला लागला. बल्लीने बराच वेळ ऐकलं, मग उठून गाठीतून एक ब्लँकेट काढलं, ड्रमवर पसरलं आणि हातांनी वाजवायला लागला. माझ्याने होईना. मी म्हटलं, "साबीर, हे पंक नाही. हे भजनी मंडळ झालं." तो म्हणाला, म्हणजे त्याचे ओठ हलले, "मग भजनी मंडळ." मी म्हटलं, लोक हसतील. तो म्हणाला, "तुला नको असेल तर येऊ नकोस." मी बेस उचलला आणि निघाले. खरं कारण वेगळं होतं. त्याचा तो आवाज मला ऐकवत नव्हता. पण ते मी त्याला कधीच सांगितलं नाही. दीड वर्षं गेले नाही. ऑफिसात प्रमोशन घेतलं.

एकदा मुनिरकाला विद्यार्थ्यांच्या एका कॅन्टीनमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे असं कळलं. दुपारचा. मी मागे जाऊन उभी राहिले. पन्नासेक मुलं खाली बसली होती. त्यात परभणी-नांदेडकडची, यूपीएससी करणारी बरीच होती, कारण आपसात मराठीत बोलत होती. साबीर माइकपाशी आला आणि कुजबुजला. ऐकू येईना म्हणून मुलं पुढे सरकली. अजून पुढे सरकली. कॅन्टीनवाल्याने मिक्सर बंद केला. 'कल आइए' सुरू झालं, इतकं हळू की पंख्याचा आवाज मधे येत होता. इतक्या वर्षांत मी ते गाणं किती वेळा वाजवलं असेल... त्या दिवशी पहिल्यांदा तो ज्याला त्याला खरोखरच उद्या यायला सांगत होता. या, उद्या नक्की या. माझ्या शेजारचा एक मुलगा चष्मा काढून बसला होता. त्याची प्रीलिम तिसऱ्यांदा गेली होती असं त्याच्या मित्राने मला नंतर सांगितलं. माझ्या जागी एक नवा मुलगा बेस वाजवत होता, बरा वाजवत होता, पण जोरात. त्याच्याखाली साबीर दबत होता. मी पुढे गेले, वाकून त्या मुलाच्या अँपचं बटण निम्म्यावर आणलं आणि परत मागे येऊन उभी राहिले. साबीरने पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. दोन दिवसांनी मेसेज आला, 'रविवार. पानिपत. डबा स्वतःचा आणणे.'

त्यानंतरची साडेसहा-सात वर्षं आमची सर्वांत चांगली गेली, हे आता म्हणता येतं. आम्ही देशातला सर्वांत हळू पंक बँड होतो, असं साबीरच सांगायचा. आवाज कमी केला की चुका लपत नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही तिघं नव्याने वाजवायला शिकलो. गाणी परत लहान झाली. दीड मिनिट, कधी एकच मिनिट. गुडघेदुखीवर, बदलीवर, वेटिंग लिस्टवर. राग होताच. फक्त तो जवळ येऊन सांगावा लागायचा.

शेवटची भेट तो गेला त्याच्या आदल्या रविवारी. पानिपतहून परत येताना मुरथलला आम्ही पराठे खाल्ले, बल्लीने लोणी परत मागवलं, साबीरने त्याच्या कोलेस्टेरॉलवर काहीतरी टोमणा मारला. दिल्लीत शिरताना ट्रॅफिक होतं. मी त्याला आर. के. पुरमच्या वळणावर सोडलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तो उतरला, दोन पावलं गेला, परत आला, खिडकीशी वाकला आणि काहीतरी म्हणाला. हॉर्नमध्ये मला काही ऐकू आलं नाही. मी "हो हो" म्हणून मान हलवली आणि गाडी काढली. रात्री विचारीन असं ठरवलं होतं. विसरले. सोमवारीही विसरले. मी बल्लीला विचारलं, साबीरच्या बायकोला, नसीमला विचारलं, तो काय म्हणाला असेल. बल्ली म्हणतो, "यार, बोला होगा कि गाड़ी धीरे चला." असेल.

चाळिसाव्याला मी आणि बल्ली गेलो. मे महिना, दुपारी दोनची वेळ, माणसं जेवून पांगली होती. नसीमने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, जिथे त्याची गिटार आणि त्याच्या वडिलांचा डिंकाने चिकटवलेला शब्दकोश आहे. नसीम मिरजेची, मला ताई म्हणते, आणि इतकी वर्षं आम्हाला हसूनच 'गोंधळी' म्हणत आली. क्वार्टर वरच्या मजल्यावरचं, छत तापलेलं. पंखा फुल स्पीडवर होता, त्याचा तो खडखड आवाज. ती म्हणाली, "ताई, लाडू घ्या." बल्लीने घेतला. मी घेतला. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, म्हणून मी घसा खाकरला.

नसीम उठली आणि तिने पंखा बंद केला.

तिच्या लक्षातही आलं नाही. त्या घरात आठ वर्षं तसंच चालत आलं होतं. साबीरला काही सांगायचं असलं की तो बोट वर करायचा किंवा घसा खाकरायचा, आणि जो जवळ असेल तो पंखा बंद करायचा. कुकरखालचा गॅस मंद व्हायचा, टीव्ही म्यूट व्हायचा, मग तो बोलायचा. पाती फिरत फिरत थांबली. खाली भाजीवाल्याची हाक ऐकू आली, ती पुढच्या ब्लॉककडे गेली. नसीमचा हात बटणावरच होता. बल्लीच्या कपाळावरून घाम गळत होता, पण त्याने रुमाल काढला नाही. बल्ली आणि मी किंचित पुढे वाकून, जसे त्याच्यासमोर बसायचो तसे बसून राहिलो होतो. पंखा परत कुणी लावला नाही.