उपडं ताट

इस्रायलात, बेर्शेबातल्या आमच्या वस्तीत मराठी पुस्तकांची एक खोली आहे. मी कचेरीत टेबलं बडवली म्हणून मिळाली. तिथली सगळ्यात खडूस वाचक म्हणजे बतशेवाबाई, बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या. प्रेमाच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या आणि चुका काढायच्या. "आंग्र्यांच्या काळात हिच्या हातात चहाचा कप कुठनं आला?"

गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तरात, मुंबईहून नवी कादंबरी आली. आंग्र्यांच्याच काळातली. नायिका आपल्या शनवार तेल्यांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची पोर, परजातीच्या खलाशाबरोबर पळते. शेजारची शोशाना खूश. "शनिवारी घाणा बंद, हेसुद्धा ठाऊक आहे लेखकाला. केवढा अभ्यास."

"शेवट वाच," बतशेवाबाई म्हणाल्या. "तो अभ्यास नाही."

त्यांची थोरली बहीण लेआ रेवदंड्याहून अशीच पळाली होती. बापानं जिवंत पोरीसाठी घर सात दिवस जमिनीवर बसवलं, मेलेल्यासाठी बसतात तसं. शेवटच्या संध्याकाळी आईनं गुपचूप मागच्या दारी भात-सुकट वाढून ताट झाकलं, वर वरवंटा ठेवला. धाकट्या बतशेवानं ते पाहिलं. सकाळी ताट राखेनं घासून उपडं ठेवलेलं. बाप म्हणाला, मांजर.

मांजर ताट घासत नाही. आईनंच घासलं असेल, असं मानून बतशेवाबाई जगल्या, आणि दर वर्षी लेआच्या नावानं मेलेल्याचा दिवा लावत राहिल्या.

कादंबरीत नायिका माडाआडून स्वतःचंच सुतक बघते. मग वरवंटा बाजूला करून भात खाते, ताट राखेनं घासते, उपडं ठेवून जाते.

मी लेखकाला पत्र टाकलं. प्रकाशकानं कळवलं, लेखक वारले. कोकणातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहीत, कुणाकडून ते सांगत नसत.

"मग सांगा भाऊ," बतशेवाबाई म्हणाल्या, "जित्या माणसाचा दिवा लावत आले का मी?"

 

यंदा त्यांनी दिवा लावला नाही. तिसऱ्या मजल्यावर मागचं दार कुठलं? म्हणून जिन्यात ताट मांडलं, वर गावाहून आणलेला वरवंटा.

सकाळी भात तसाच, कडेला वाळवंटाची धूळ. शोशाना ताट घासायला न्यायला वाकली.

"राहू दे," बतशेवाबाई म्हणाल्या. "तिचं ताट तीच घासते."

आता रोज जिन्यात ताजा भात असतो. इमारतीची कमिटी म्हणते, ताट हलवा. कमिटीशी मी भांडतोय.