अणुभट्टीच्या प्लेटा, व्हाया मालेगाव

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज तयार होतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगारवाला शनिवारी टेम्पो घेऊन येतो आणि कोपरा साफ करून जातो. किश्शांना मात्र गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते साचतच राहतात! चार मैत्रिणी बसलो की मी एक सांगायला जाते आणि त्याच्यामागून पाच बाहेर पडतात. आज बसलोच आहोत, तर होऊन जाऊ द्या.

आधी थोडं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मालेगाव म्हणजे आमचं, वाशिम जिल्ह्यातलं. तिथं वाशिम रोडला विलासभाऊंची पत्र्याची शेड आहे. पूर्वी इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या, थ्रेशर दुरुस्त व्हायचे. आता अणुवीज केंद्राला लागणाऱ्या लोखंडी प्लेटा बनतात. हातभर लांबीची जाड प्लेट आणि तिच्या पाठीला वेल्ड केलेल्या सळ्या. भिंतीत काँक्रीट भरण्याआधी ती आत बसवतात. सळ्या काँक्रीटमध्ये रुततात, प्लेटेचं तोंड तेवढं बाहेर राहतं आणि पुढं त्याच्यावर मोठमोठे पाइप तोलले जातात. एकदा काँक्रीट भरलं, की प्लेट काढून मागची बाजू बघायची सोय नाही. म्हणून सगळी तपासणी आधी.

मी वैशाली. मेडशीहून रोज एसटीनं येते. माल मागवणं, तपासणं, कागद ठेवणं आणि गाडी रवाना करणं, ही कामं माझी.

*

पहिली ऑर्डर मिळायच्या आधी अणुवीज केंद्राचे चार अधिकारी शेड बघायला आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "तुमचं क्वालिटी मॅन्युअल कुठंय?"

विलासभाऊ छाती पुढं काढून म्हणाले, "हे काय, तुमच्या म्होरं उभं हाय ना!"

अधिकारी हसले. पण मॅन्युअल लिहूनच मागितलं. ते लिहिण्यात आमचं अख्खं वर्ष गेलं!

शेवटी ऑर्डर आली ती एका जाडजूड खोक्यात. नकाशे, नियम, तक्ते, तक्त्यांचे तक्ते. भाऊंनी तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून तोलला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, आपल्याले प्लेटा बनवाच्या हाय का पुस्तकं छापाचे?"

*

ही बातमी मी घरी सासूबाईंना सांगितली. "आई, आता आमच्याकडं अणुभट्टीचं काम आलंय." त्यांना फार आनंद झाला. त्यांनी तो लगेच शेजारीपाजारी वाटला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर शेजारच्या काकू भेटल्या. माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी! म्हणाल्या, "वैशू, एवढी शिकलेली पोरगी तू. काईतरी दुसरं पाह्य ना व. भट्टीवर इटा थापाची वेळ कायले आली तुह्यावर?"

मी समजावून सांगितलं, की काकू, विटांची नाही, विजेची भट्टी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "पन उन्हाचं डोक्यावर पदर घेत जाय."

*

आमच्या धंद्यात लोखंडाला जन्माचा दाखला लागतो. पोलादाच्या कारखान्यात एक घाणा ओतला, की त्याला नंबर मिळतो. हीट नंबर म्हणतात. तो नंबर पत्र्यावर असतो. पत्रा कापायचा असेल तर कापण्याआधीच तो नंबर प्रत्येक तुकड्यावर ठोकायचा. नाहीतर कोणता तुकडा कोणाचा, हे सांगणार कोण?

एका सोमवारी मी शेडमध्ये पाय ठेवते, तर भाऊ दारातच उभे. चेहरा फुललेला.

"ताई, पाहा! काल सुट्टी होती तं मीच बसलो. एका पत्र्याचे चार तुकडे. लोन्यासारखे कापले!"

खरंच सुंदर कापले होते. मी उलटेपालटे करून बघितले. "भाऊ, नंबर?"

"हाय ना, त्या पहिल्यावर."

"आणि बाकीचे तीन?"

भाऊंनी त्या तीन तुकड्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "अवं, सख्खे भाऊ हायेत ते! माह्या डोयादेखत झाले!"

पण कागदावर डोळ्यांचा पुरावा चालत नाही. तीनही तुकडे बाद. एवढं उत्तम पोलाद, फेकवेना. शेवटी भाऊंनी ते घरी नेलं आणि आईच्या कोंबड्यांसाठी खुराडं बनवलं. अख्ख्या जिल्ह्यात एवढं मजबूत खुराडं नसेल. मुंगूस तर सोडाच, रानडुकराची टाप नाही!

भाऊंच्या आईनं खुराड्याला एक फेरी मारली, दार वाजवून बघितलं आणि विचारलं, "आता अंडे बी सर्टिफिकेट घेऊनच येतीन का रे?"

*

नमुन्याचे तुकडे तपासायला नागपूरच्या लॅबमध्ये पाठवावे लागतात. एकदा कुरियरवाला आला नाही, म्हणून मीच निघाले. मालेगावहून नागपूरची एसटी पकडली. पायाशी पिशवी, पिशवीत लोखंडाचे दोन तुकडे, वर लाखेचं सील आणि लाल चिठ्ठी, 'उघडू नये'.

कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवून बघितली. हलेना.

"ताई, काय हाय याच्यात?"

"लोखंडाचे तुकडे," मी म्हणाले. तिथंच थांबायला हवं होतं! पण जीभ वळवळली. "अणुवीज केंद्राचे."

गाडी एकदम चिडीचूप. समोरच्या काकांनी आधी पाय वर घेतले. मग ते स्वतःच उठले. पाच मिनिटांत माझ्या आजूबाजूच्या तीन रांगा रिकाम्या! मी घसा फोडून सांगतेय, की अहो, साधं लोखंड आहे, तुमच्या घरच्या तव्यासारखं. कोणी ऐकेना. माणसं दाटीवाटीनं मागं उभी राहिली आणि मी एकटी महाराणीसारखी खिडकीत!

कारंजाला एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली. मागून सगळे ओरडले, "माय, तिथं बसू नको! त्या बाईजोळ अनूचं सामान हाय!"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि माझ्या शेजारी ऐसपैस बसली.

"मराचंच असन तं बसून मरीन," ती म्हणाली. "नागपूरपरेंत उभी काहून राहू?"

*

आता दाते साहेब. हे केंद्राच्या वतीनं तपासणीला नागपूरहून येतात. सडपातळ, निवृत्तीला टेकलेले, खिशात बॅटरी. दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सहा प्रश्नार्थक.

आणि आमचा वेल्डर प्रल्हाद. मेडशीच्या पलीकडच्या वस्तीवरचा. लहानपणापासून आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. साखर कारखान्याजवळ ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्यानं त्याला वेल्डिंग शिकवलं. हात असा, की त्यानं जोडलेली जागा बघत राहावी.

वेल्डिंगच्या रॉडला ओल चालत नाही. म्हणून रॉड एका छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवतात आणि आत काय किती आहे, त्याची वहीत नोंद करतात. थंडीचे दिवस होते. साहेब आले, त्यांनी ओव्हन उघडला आणि अख्ख्या शेडमध्ये लसणाचा वास पसरला!

"हे काय?"

"भाकर, साहेब," प्रल्हाद म्हणाला. "आन ठेचा."

साहेबांनी वही चाळली. "नोंद दिसत नाही."

हसायची कोणाची हिंमत नव्हती. साहेबांनी रीतसर दोषाचा अहवाल लिहिला. 'ओव्हनमध्ये अनधिकृत साहित्य : भाकरी, नग दोन.' भाऊंनी त्याच दिवशी प्रल्हादला गरम राहणारा डबा आणून दिला.

पण अहवाल बंद करायचा, तर एक रकाना भरावाच लागतो. 'सदोष साहित्याची विल्हेवाट कशी लावली?' खोटं लिहायची सोय नाही. मी लिहिलं, 'एक नग वेल्डरने खाल्ला, एक नग तपासणी अधिकाऱ्यांनी.'

साहेबांनी वाचलं आणि खाली सही केली.

*

आणि हा एक.

मोठी खेप होती. सकाळी ट्रक भरला, ताडपत्री बांधली, भाऊंनी नारळ फोडला. तिकडं साइटवर भिंतीच्या सळ्या बांधून झाल्या होत्या आणि काँक्रीट आमच्या प्लेटांसाठी अडलं होतं. सारखे फोन. पुढची ऑर्डर द्यायची की नाही, ते या खेपेवर ठरणार होतं. तसं साइटवाल्यांनी बोलूनच दाखवलं होतं.

तेवढ्यात प्रल्हाद आला. डबासुद्धा खाली ठेवला नाही.

"भाऊ, गाडी थांबवा."

"काहून?"

"मागच्या बुधवारी घरून फोन आल्ता. पोरीचा नर्सिंगले नंबर लागला म्हून. मी लय खुशीत होतो, भाऊ. त्या खुशीत एका प्लेटीवर पयल्या थरावर दुसरा थर तसाच टाकला. मधातली तपासनी झालीच नाई."

आमच्याकडं वेल्डिंगचा पहिला थर टाकला, की मी त्याच्यावर लाल रंग लावून भेग आहे का बघते. मगच दुसरा थर. दुसरा पडला, की आतलं वरून कळत नाही.

"कोनती प्लेट?" भाऊंनी विचारलं.

"तेच तं ध्यानात नाई. त्या दिवशीच्या अकरातली एक."

मी धावत जाऊन फाइल काढली. बुधवार. अकरा प्लेटा, अकरा टिकमार्क. टिकमार्क माझे! आणि मग मला आठवलं. दहा तपासल्या होत्या मी. पाच वाजले होते, मेडशीची गाडी चुकणार होती. अकरावी झालीच असेल म्हणून टिक मारली आणि पळाले. ती नेमकी कोणत्या नंबरची, ते मलाही आठवेना.

प्रल्हाद बोलला नसता, तर कागदानं कधीच काही सांगितलं नसतं. "भाऊ," मी म्हणाले, "चूक त्याची एकट्याची नाही." आणि सगळं सांगून टाकलं.

भाऊ टूलबॉक्सवर बसले. मला वाटलं, आता दोघांनाही घरी पाठवतात. त्यांनी खिशातून फोन काढला आणि दाते साहेबांना लावला. स्पीकरवर.

"साहेब, गाडी भरून उभी हाय, पन जाऊन नाई राह्यली."

"कागद अपुरे आहेत?"

"कागद पुरे हाय, साहेब. कागद हो म्हनते. मानसं नाई म्हनून राह्यले."

साहेब म्हणाले, "उतरवा. मी येतो."

अकरा प्लेटा उतरवल्या. प्रल्हादनं स्वतःच्या हातानं त्यांचा वरचा थर घासून काढला. दोन दिवस शेडमध्ये नुसत्या ठिणग्या. मी रंग लावायची आणि साहेब बॅटरी घेऊन वाकून बघायचे. पहिली साफ. दुसरी साफ. सहावी, सातवी साफ. उरली अकरावी.

तीही साफ!

"म्हंजे काईच नव्हतं!" भाऊंनी कपाळावर हात मारला. "उगाच एवढा आटापिटा!"

साहेबांनी चहा घेतला. माझ्या त्या टिकमार्कवर माझ्याकडूनच लाल रेघ मारून घेतली, बाजूला खरं काय ते लिहायला लावलं. मग प्रल्हादकडं वळले.

"मुलीचं नाव काय?"

"आरती, साहेब."

"तुझा शिक्का दाखव."

प्रत्येक वेल्डरचा एक आकडा असतो. त्यानं जोडलेल्या जागेशेजारी तो ठोकायचा. प्रल्हादनं खिशातून शिक्का काढून दिला. आकडा सात. साहेबांनी तो उजेडात धरून बघितला, परत दिला आणि निघून गेले.

प्लेटा पुन्हा वेल्ड होऊन चार दिवस उशिरा गेल्या. साइटवाल्यांनी फोनवर जे सुनावलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानंतर तीन महिने काहीच नाही. ना फोन, ना पत्र. भाऊंनी ट्रॉल्यांचे जुने नकाशे बाहेर काढले. प्रल्हाद गेटं जोडायला लागला, तीही तशीच मन लावून.

आणि एका दुपारी खोकं आलं. पहिल्याहून जाड!

मी एकेक पान वाचत गेले. सगळं छापील. मधेच तपासणीच्या तक्त्यावर, कडेच्या कोऱ्या जागेत, शाईनं लिहिलेली एक ओळ होती. खाली दाते साहेबांची सही. मी ती आधी मनात वाचली. मग भाऊंना आणि बाकीच्यांना बोलावून मोठ्यानं वाचली.

'वेल्डर क्रमांक सात यांच्याशिवाय हे काम सुरू करू नये.'

भाऊ म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं.

सगळे प्रल्हादकडं बघत राहिले. त्यानं काम थांबवलं, तोंडावरची ढाल वर केली, जरा विचार केला आणि काळजीनं विचारलं,

"म्हंजे ताई, मले आता दिवाईची सुट्टी भेटन का नाई?"