सिस्टरांचा पेपर

"आज काय शिजवलंत?"

दवाखान्यात आलेल्या माणसाला सिस्टर पहिल्यांदा हेच विचारायच्या. ताप असो, खोकला असो, हात भाजलेला असो. आधी स्वयंपाकाची चौकशी, मग दुखण्याची. औषधांचं एक रिकामं लाकडी खोकं पायानं ओढून घ्यायच्या, त्यावर बसायच्या आणि खुर्ची पेशंटला द्यायच्या. त्यामुळे बोलताना सिस्टरांना मान वर करावी लागे. "उभ्यानं विचारलं तर कोणी खरं सांगत नाही गो," त्या मला म्हणायच्या. "पोलीस उभ्यानं विचारतो."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. ठाण्याला मॅट्रिक झालेली, इथं इस्रायलला आल्यावर उल्पानमध्ये, म्हणजे नवख्यांच्या भाषावर्गात, हिब्रू भराभर शिकलेली, आणि त्याची जरा घमेंड असलेली. बासष्ट साली ओफाकिम गावच्या दवाखान्यात मला शिकाऊ नर्स म्हणून घेतलं. सिस्टर माझ्या आधीपासून तिथं होत्या. मुंबईला बाळंतिणींच्या वॉर्डात अठरा वर्षं स्टाफ नर्स होत्या त्या. इथं त्यांचं सर्टिफिकेट मान्यतेसाठी जेरुसलेमला पाठवलं होतं, आणि ते परत येईपर्यंत त्या 'मदतनीस' होत्या. ते परत कधी आलंच नाही. पन्नाशीची बाई, शिकाऊ पोरींसारखा बिनबिल्ल्याचा एप्रन घालून काम करायची.

हिब्रू मात्र त्यांना काही केल्या जमेना. हिब्रूत पुरुषाला 'तू' म्हणायचा शब्द वेगळा, बाईला वेगळा. सिस्टरांनी बायकांचा तेवढा शब्द उचलला आणि तोच सगळ्यांना वापरला. आमचे डॉक्टर रुमानियाचे, धिप्पाड, झुपकेदार मिशांचे. त्यांनाही त्या "तू बसली का? तू जेवली का?" असंच विचारायच्या. डॉक्टरांनी दोन-चारदा चूक दाखवली, नंतर नाद सोडला.

"ही बाई पाककृती गोळा करते आहे का?" असं मात्र ते मला सारखं विचारत.

तुम्हीही आपल्या माणसांना दवाखान्यात पाहिलं असेल. रेवदंड्याकडून, पेणकडून इथं आलेली आपली ज्यू म्हातारी माणसं डॉक्टरसमोर गेली की सगळं दुखणं पोटात नेऊन ठेवतात. "पोटात दुखतं," एवढंच म्हणतात. बाकीचं सांगायची लाज वाटते. सिस्टर त्यांना दुखण्याचं विचारायच्याच नाहीत. काय शिजवलं? कोणी शिजवलं? मग तुम्ही किती खाल्लंत? मग गप्प बसायच्या. बाहेर रांग लागलेली असली तरी गप्प. त्या गप्प बसण्यात काय काय बाहेर पडे! कोणाची सून आठ दिवस बोलली नाही, कोणाच्या नवऱ्यानं गिरणीतलं काम सोडलं, कोण रक्त पडतंय हे महिनाभर लपवून होती.

मोरोक्कोच्या एका आजीबाईंची तर गंमतच झाली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. सिस्टरांनी हवेत भाकरी थापून दाखवली. आजीबाईंनी हवेत रवा चाळून दाखवला. मी दारात उभी राहून हसत होते. मग सिस्टरांनी घास तोंडाशी नेला, तशा आजीबाईंनी मान हलवली, गळ्यावर हात ठेवला आणि दोन बोटांत वाटाण्याएवढी जागा दाखवली. तेवढाच घास उतरत होता. डॉक्टर तीन आठवडे तिला झोपेच्या गोळ्या देत होते. त्याच दिवशी तिला बेरशेबाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवली. घशात गाठ निघाली, पण वेळेवर कळली. त्यानंतर डॉक्टरांनी पाककृतींची चौकशी बंद केली.

त्रेसष्टच्या सुरुवातीला वरून पत्रक आलं. दक्षिणेतल्या दवाखान्यांतल्या सगळ्या नर्सनी आणि मदतनिसांनी बेरशेबाला दर मंगळवारी वर्गाला जायचं. विषय: रुग्णाशी कसं बोलावं. सहा मंगळवार, शेवटी लेखी परीक्षा. पास होईल त्यालाच पुढं पेशंटशी बोलायचं काम.

सिस्टरांना केवढा आनंद झाला! "बघ, सरकारलासुद्धा सुचलं," म्हणाल्या. नवी वही घेतली, तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं.

शिकवायला तेल अवीवहून एक बाई येत. तरुण, हुशार, मनानं वाईट नव्हत्या, हे आज मी म्हणू शकते. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर देशांची यादी केली आणि प्रत्येक देशापुढं तिथले पेशंट कसे ते लिहिलं. मोरोक्कोवाले दुखणं वाढवून सांगतात. रुमानियावाले डॉक्टरवर विश्वास ठेवत नाहीत. भारतापुढं लिहिलं: मंद, आज्ञाधारक, कशालाही हो म्हणतात.

सिस्टरांनी मला कोपरानं ढोसलं. "आपल्यापुढं काय लिहिलं गो?"

"आपण शांत आणि सभ्य आहोत, असं."

त्यांनी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं.

मग बाईंनी प्रात्यक्षिकासाठी सिस्टरांना पुढं बोलावलं. "तुम्ही भारतातून आलेली पेशंट व्हा," म्हणाल्या. सिस्टर खुर्चीवर बसल्या. बाई त्यांच्यावर वाकल्या, खांद्यावर हात ठेवला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, "तुला, कुठं, दुखतं? इथं?" सिस्टर म्हणाल्या, "केन." हो. "आणि इथं?" "केन." "मी सांगितलं ते समजलं?" "केन, केन." वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, बघितलंत, आवाज आणि स्पर्श यांनी किती विश्वास बसतो.

परतीच्या बसमध्ये सिस्टरांनी वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "तिला 'हो'च पाहिजे होतं, म्हणून दिलं. पेशंटसुद्धा असंच करतात. हे वहीत लिही तू."

परीक्षेत प्रश्न आला: नवी आलेली बाई एका शब्दात उत्तरं देते, तुम्ही काय कराल? मी लिहिलं, तिला खुर्ची देईन, स्वतः खाली बसेन. दुखणं आधी विचारणार नाही. आज काय शिजवलं ते विचारीन, कोणी शिजवलं ते विचारीन आणि मग थांबेन. लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की हे माझं नाही. शेजारी सिस्टर मान खाली घालून भरभर लिहीत होत्या. पुरवणी मागून घेतली त्यांनी. मला वाटलं, यांना एवढं हिब्रू कधी यायला लागलं?

पुढच्या मंगळवारी निकाल होता. वर्ग सुरू व्हायच्या आधी बाईंनी मला शेजारच्या खोलीत बोलावलं. हातात सिस्टरांचा पेपर होता. आठ पानं, सगळी मराठीत.

"हे काय लिहिलंय तिनं? तू वाचून सांगतेस का?"

मी वाचलं. 'माणसाला आधी बसवावे. आपण त्याच्यापेक्षा खाली बसावे. त्याच्या घरी कोण शिजविते ते विचारावे, म्हणजे त्याच्या घरी कोण आहे व कोण नाही ते समजते.' पुढं वॉर्डातल्या बायकांच्या हकीगती होत्या. मूल गेलेल्या आईला ते कसं सांगावं, हे दोन पानं लिहिलं होतं. असं काही मी तोपर्यंत कुठं वाचलं नव्हतं, आणि नंतरही वाचलं नाही.

पण पहिल्या पानावर जे होतं तेच माझ्या पेपरात होतं. मी हे सांगितलं असतं तर बाईंना कळलं असतं, माझं उत्तर कुठून आलं ते.

"जुन्या हॉस्पिटलच्या आठवणी आहेत," मी म्हटलं. "प्रश्नाशी संबंध नाही."

"बिचारी," बाई म्हणाल्या, आणि वर शून्य लिहिलं.

वर्गात त्यांनी माझा पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. आज काय शिजवलं, हे हिब्रूत, तेल अवीवच्या स्वच्छ उच्चारांत. "हे तू कुठं शिकलीस?" त्यांनी मला विचारलं.

"इथंच, तुमच्या वर्गात," मी म्हटलं.

एवढं हिब्रू सिस्टरांना कळत होतं. त्या फळ्याकडे बघत राहिल्या. बसमध्ये त्यांनी फक्त एवढं विचारलं, "माझा पेपर वाचला का गो त्यांनी?"

"वाचला. पण हिब्रूत नाही म्हणून..."

"असं होय," म्हणाल्या.

महिन्याभरात माझ्या एप्रनवर बिल्ला लागला आणि पुढच्या खोलीत मला टेबल मिळालं. सिस्टरांना मागं सुया-सिरिंजा उकळायच्या खोलीत पाठवलं. परीक्षा पास नाही, तेव्हा पेशंटशी बोलायचं नाही. लोक तरी मागच्या दारानं त्यांच्याकडे जात. माझ्या टेबलापुढं बसण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटे. मला ते लागलं. डॉक्टरांकडे तक्रार मीच केली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराला आतून कुलूप लागलं.

त्या उन्हाळ्यात आपल्यातलेच एक म्हातारे काका आले. साखरेचं दुखणं, बायको गेल्यापासून एकटे राहायचे. रांग मोठी होती. मी कार्ड भरत उभी होते. उभ्या उभ्याच विचारलं, "काका, आज काय शिजवलंत?"

"भात. माशाचं कालवण," ते म्हणाले.

मी लिहिलं, भूक चांगली. आणि पुढचं नाव पुकारलं.

आठवड्यानं शेजाऱ्यांना ते घरात जमिनीवर पडलेले सापडले. बेरशेबाला नेलं, तिथं तिसऱ्या दिवशी गेले. घरात स्टोव्हला कित्येक दिवसांत काडी लागलेली नव्हती. पाव आणि साखरेचा चहा, यावर दिवस काढत होते. शेजारीण म्हणाली, त्या दिवशी ते आधी दवाखान्याच्या मागच्या दाराशी गेले होते. दार वाजवलं, उघडलं नाही, म्हणून पुढं आले.

सिस्टरांनी हे ऐकलं तेव्हा त्या चिमट्यानं सिरिंजा काढत होत्या. चिमटा खाली ठेवला.

"कोणी शिजवलं, विचारलंस?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"ज्याच्या घरात कोणी नाही, तो सगळ्यात चांगलं जेवण सांगतो. हे पण मी लिहिलं होतं."

त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं. यजमानांना अश्केलोनला काम मिळालं म्हणून तिकडं गेल्या, असं कळलं. त्या फळांच्या पॅकिंगमध्ये लागल्या होत्या.

चौसष्टच्या सुरुवातीला, हिवाळ्यातच, मी त्यांना भेटायला गेले. पॅकिंगच्या शेडमध्ये पट्ट्यावरून संत्री येत होती, आणि दोन्ही बाजूंना बायका ती कागदात गुंडाळत होत्या. यंत्राचा आवाज इतका की शेजारणीचंही ऐकू येऊ नये. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर बाहेर आल्या. डोक्याला रुमाल, बोटांना चिकटपट्ट्या. बाकावर बसलो. त्यांनी डब्यातलं ऑम्लेट आणि चपाती माझ्यापुढं केली.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुमचा पेपर त्यांनी मला वाचायला दिला होता."

"माहीत आहे. त्या खोलीचं दार काचेचं होतं. तू वाचताना मी बघत होते."

"मी खोटं सांगितलं. माझं चुकलं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या.

आणखी काहीतरी त्या बोलतील म्हणून मी थांबले. तू लहान होतीस, जाऊ दे, झालं ते झालं. असं आपल्याकडची वडीलधारी माणसं म्हणतात तसं काही. त्या चपाती खात राहिल्या. मी रडायला लागले, तर रुमाल काढून दिला, पण बोलल्या नाहीत. भोंगा झाला तशा उठल्या, डबा बंद केला आणि "तुझी बस अडीचला आहे, चुकवू नको," एवढं सांगून आत गेल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी, हानुकाच्या सणाआधी, त्या आणि यजमान बोटीनं मुंबईला परत गेले. मला हे बाजारात कळलं, भाजी घेताना. जायच्या आधी त्या ओफाकिमला येऊन सगळ्यांना भेटून गेल्या होत्या. मोरोक्कोच्या आजीबाईंकडे तर जेवल्या. मी त्या दिवशी दवाखान्यात ड्यूटीवर होते. आजीबाईंच्या घरापासून पन्नास पावलांवर.

"माझ्यासाठी काही निरोप?" मी भाजीवाल्या बाईला विचारलं.

तिनं जरा आठवून बघितलं.

"नाही," म्हणाली.