दुपारच्या सफारीआधीचं पाणी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी ‘यादीवाली’ म्हणून प्रसिद्ध आहे. कुणी चारधामला निघो की अलिबागला, काय काय सोबत घ्यायचं ते मला विचारतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला घेऊन चंद्रपूरकडच्या जंगलात वाघ बघायला निघाले, तेव्हा माझी यादी दोन पानी होती. डासांचं मलम, पूर्ण बाह्यांचे खाकी शर्ट, टोप्या, ओआरएसची पाकिटं, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. त्यातली एक लघवी होण्याची, रोज सकाळची. हे सगळं मला पाठ होतं. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही.

आई बहात्तरची. बोरिवलीच्या उद्यानात जाळीच्या बसमधून तिने वाघ पाहिला होता, पण तो तिच्या मते सरकारी वाघ. तिला मोकळा बघायचा होता.

पहिल्या दिवशी सकाळच्या फेरीत जिप्सीत आमच्यासोबत एक जोडपं होतं, भल्यामोठ्या कॅमेऱ्याचं. तासाभरातच आई माझ्या कानाशी लागली. तिला जायचं होतं. जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही, म्हणून गाइडने गाडी फिरवून गेटपाशी नेली. आम्ही परतेपर्यंत बाकीच्या गाड्यांतल्या लोकांनी वाघीण बघून घेतली होती. जोडपं एक अक्षर बोललं नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

दुपारी जेवताना आईच्या हातात ताकाचा पेला होता. मी तो काढून घेतला.

“आई, आता फेरी संपेपर्यंत ताक नाही, पाणी नाही. पुन्हा गाडी फिरवायला लावलीस ना, तर वाट लागेल आपली सगळ्यांसमोर.”

“बरं,” ती म्हणाली.

तिला हे नवीन नव्हतं. बाहेर पडताना पाणी प्यायचं नाही हे मला तिनेच शिकवलं होतं. लग्नाला जाताना, एसटीने गावाला जाताना, “आता नको पिऊस, घरी गेल्यावर पी.” आमच्या घरातल्या सगळ्या बायका अशाच तहानलेल्या हिंडल्या. मीसुद्धा ऑफिसचं बाथरूम बघून पाणी पिते. आम्हाला तो शहाणपणा वाटायचा. त्यामुळे दोन पानी यादीत ‘पाणी पीत राहा’ एवढं लिहायचं मला सुचलं नाही.

दुपारच्या फेरीत उघड्या गाडीत ऊन अक्षरशः भाजून काढत होतं. पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या पायाशी होत्या. मी मधूनमधून घोट घेत होते. आईने एकदा बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदराने तोंड पुसलं. मी ते पाहिलं होतं.

पाचच्या सुमाराला वाघीण पाणवठ्यावर आली. पाठमोरी होऊन अलगद पाण्यात बसली आणि सावकाश पाणी पिऊ लागली. मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. “आई, दिसली ना?” मी विचारलं. “हो गं,” म्हणाली, पण जीभ जड झाली होती. मी वळून बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि मान गाडीच्या दांडीला टेकली होती. माझ्या मनात आलं, फक्त पाच मिनिटं. वाघीण उठली की निघू.

वाघीण उठायच्या आत आई सीटवरून खाली घसरली.

पुढचं गाइडने केलं. ओला गमछा तिच्या डोक्याला गुंडाळला आणि गाडी सुसाट बाहेर काढली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं. मी कॉटशी उभी होते, आणि माझ्या हातात अजून तो मोबाइल होता. डॉक्टर तरुण होते. “थोडा उशीर झाला असता तर किडनीवर गेलं असतं,” म्हणाले. आईने डोळे उघडल्यावर तिच्यावर चिडलेच, “आजी, एवढ्या उन्हात पाणी का नाही प्यायलात?”

आईने माझ्याकडे बघितलं. “विसरले हो,” म्हणाली.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर शेजारच्या काकू आईला बघायला आल्या. आईने त्यांना वाघिणीचं रसभरीत वर्णन ऐकवलं, आणि शेवटी स्वतःहून जोडलं, “हिने बाटल्या भरून घेतल्या होत्या, माझंच लक्ष नाही.” काकू कौतुकाने मला म्हणाल्या, “किती करतेस गं आईचं!”

मी म्हटलं, “काय करणार काकू, ही ऐकतच नाही.”

आईने हसून मान डोलावली.